नवा हॉब ओट्यात नीट बसत नाही? तपासायला दगडापासून सुरुवात करा

हॉब, म्हणजे ओट्याच्या दगडात भोक पाडून बसवायची काचेची गॅस शेगडी, बसवणारा माणूस पाणी पिऊन खाली उतरतो आणि तासाभरात घरात पहिली शंका निघते. मोठा कुकर ठेवला की एक कोपरा किंचित दबतोय का? समोर उभं राहिलं की शेगडी तिरकी दिसतेय का? धिरड्याचं तेल दर वेळी डावीकडेच का पळतं? वरची ट्रॉली दोन बोटं बाहेरच का राहते? पुण्यातल्या वाकड-बाणेरचा नवा फ्लॅट असो की सदाशिव पेठेतलं नव्याने करून घेतलेलं जुनं स्वयंपाकघर, प्रश्न हेच असतात. पहिला इलाजही बहुधा एकच होतो: हॉबला दगडाशी धरून ठेवणारे खालचे क्लॅम्प आणखी आवळायचे.

तेवढं मात्र करू नका. वरची काच टफन्ड असते. तिला वाकणं माहीत नाही. क्लॅम्पने ओढून ती आज सपाट दिसेल, पण तो ताण काचेत राहील आणि एखाद्या दिवशी बर्नर तापलेला असताना ती फुटेल.

ओट्यावर ठेवायच्या साध्या शेगडीची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यायचा. ती शेगडी सरकवता येते, पायाखाली काहीतरी घालून स्थिर करता येते. हॉब मात्र ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकाच्या काठावर बसतो, त्यामुळे दगड जसा असेल तसा तो बसणार. म्हणून तपासणी खालून वर करायची: आधी दगड, मग कटआउट (म्हणजे हेच भोक), मग काच, मग बर्नर आणि सगळ्यात शेवटी गॅस. लोक उलटीकडून, म्हणजे ज्योतीपासून सुरुवात करतात आणि कंपनीच्या माणसाला दोन-तीन फेऱ्या मारायला लावतात.

हात लावण्याआधी

सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा. पाइपचा गॅस असेल तर कॉक बंद करा. त्याचं हँडल पाइपला आडवं आलं की बंद, पाइपच्या रेषेत असलं की चालू. बर्नर पूर्ण गार होऊ द्या. जाळ्या, बर्नरच्या टोप्या आणि खालचे ट्रे काढून एका ताटात ठेवा, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली टोपी कुठल्या बर्नरची, हे नंतर आठवत नाही.

सामान फारसं लागत नाही. स्टीलची टेप, गवंडी वापरतात ती लेव्हल, टॉर्च, एखादं जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि वाटीभर साबणाचं पाणी. मोबाइलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपवर मी विसंबणार नाही; पाठीमागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, फोन मुळातच सपाट बसत नाही. लेव्हल घरात नसेल तर शेजारी विचारा. सोसायटीत कुणाकडे ना कुणाकडे काम चालू असतंच.

हॉबसोबत आलेलं माहितीपुस्तक शोधून काढा. त्यात कटआउटचं रेखाचित्र असतं आणि पुढची सगळी भांडणं त्या एका पानावर सुटतात.

पहिली पायरी: डुगडुग

जाळ्या काढलेल्या अवस्थेत काचेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर तळवे ठेवून आलटून-पालटून हलका दाब द्या. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर. काच अजिबात हलली नाही तर डुगडुग हॉबची नाहीच, जाळीची आहे. जाळीकडे पुढे येतोच.

काच हलली तर कार्ड घ्या आणि काचेच्या काठाखालून चारही बाजूंनी फिरवा. जिथे ते सहज आत जातं आणि जिथे अडतं, त्या जागा पेन्सिलने ओट्यावर खुणा करून ठेवा. आता कारण शोधणं सोपं आहे.

खुणा एका कोपऱ्यातच असतील तर बहुतेक वेळा काचेखालच्या फोमच्या पट्टीची दोन टोकं तिथे एकावर एक चढलेली असतात. पट्टी चिकटवताना टोकं एकमेकांना भिडायला हवीत, चढायला नकोत. कधी ग्रॅनाइट कापतानाची कच अडकलेली असते, कधी जुन्या सिलिकॉनचा गोळा. हे सगळं हॉब उचलून, दगड पुसून, पट्टी नव्याने लावून तासाभरात मिटतं. फोमची पट्टी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मागा. तिथे उशीर लागणार असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या हार्डवेअर दुकानांत तशी पट्टी मिळते. नेताना जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्या, जाडी तीच हवी.

दुसरं कारण जास्त त्रासाचं. लांब ओट्याला ग्रॅनाइटचे दोन तुकडे जोडलेले असतात आणि तो सांधा नेमका हॉबखाली आलेला असतो. कसलेला फरशीवाला सांधा हॉबखालीच घेतो, कारण तो झाकला जातो. कल्पना चांगली आहे, पण दोन तुकड्यांत नखाला लागेल एवढीही पायरी असेल तर काच त्या पायरीवर टेकते आणि झुलते. टॉर्च आडवी धरून सांध्यावर उजेड पाडा, पायरी सावलीतून दिसते. तिथे उंच बाजू पॉलिश करणाऱ्या पॅडने घासून खाली आणावी लागते. ते काम फरशीवाल्याचं, आणि हॉब स्वयंपाकघराबाहेर ठेवून करायचं.

पुठ्ठा, नाणं, माचिसची काडी असलं काही काचेच्या कोपऱ्याखाली सारू नका. सगळं वजन एका बिंदूवर येतं. टफन्ड काच पृष्ठभागावर बरंच काही सोसते, पण काठाला नाजूक असते.

दुसरी पायरी: उतार

लेव्हल आधी ओट्याच्या दगडावर ठेवा, हॉबच्या दोन्ही बाजूंना आणि पुढच्या पट्टीवर. त्यानंतर काचेवर. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच सरकलेला असेल तर हॉब नीट बसलाय, ओटाच उतरता आहे.

जुन्या पेठांमधल्या घरांत हा प्रकार नेहमीचा. कडप्प्याचे ओटे सिंककडे किंवा मोरीकडे पाणी जावं म्हणून मुद्दाम उतार देऊन बांधलेले असत. नंतर त्याच कडप्प्यावर ग्रॅनाइट चिकटवला आणि उतार तसाच राहिला. नव्या इमारतीत उतार ठरवून दिलेला नसतो, पण निष्काळजीपणाने आलेला असू शकतो.

किती उतार चालतो? माझ्या मते ६० सेंमी रुंदीत २-३ मिमीचा फरक सोडून द्यावा. तो अर्ध्या टक्क्याच्या आत येतो आणि रोजच्या स्वयंपाकात जाणवत नाही. त्याहून जास्त असेल तर तव्यावर कळेल. पण तव्यावर विसंबण्याआधी ही चाचणी करा: तव्यात चमचाभर तेल टाका, ते कुठे गोळा होतं बघा, आणि मग तवा अर्धा फिरवा. तेल तव्याबरोबर फिरून पलीकडच्या बाजूला गेलं तर तव्याचा तळ वाकलेला आहे. तेल पुन्हा त्याच दिशेला, म्हणजे आधी होतं त्याच भिंतीकडे आलं, तर दोष ओट्याचा किंवा हॉबचा. ही चाचणी चारही बर्नरवर करा. एकाच बर्नरवर तेल पळत असेल तर तिथली जाळी वाकडी आहे.

ओटाच उतरता असेल तर खरा उपाय ओटा दुरुस्त करणं हा आहे, आणि तो कुणी हौसेने करत नाही. थोडक्यात भागवायचं असेल तर खालच्या बाजूची फोमची पट्टी किंचित जाड घेता येते. मात्र ती त्या संपूर्ण बाजूला सलग हवी, आणि फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचाच असावा. त्यापुढे गेलात तर काचेखाली फट दिसू लागेल आणि उतू गेलेलं दूध थेट ट्रॉलीत पोचेल.

तिसरी पायरी: तिरकेपणा

शेगडी तिरकी आहे की नाही हे भिंतीवरून ठरवू नका. पुण्यातल्या, खरं तर कुठल्याही शहरातल्या, फ्लॅटची भिंत सरळ असेलच असं नाही, आणि तिच्यावर लावलेल्या टाइल्स तिचा दोष तसाच पुढे आणतात. माप घ्यायचं ते ओट्याच्या पुढच्या कडेपासून, कारण उभ्या माणसाची नजर त्याच कडेवर असते. काचेच्या डाव्या कोपऱ्यापासून कडेपर्यंतचं अंतर आणि उजव्या कोपऱ्यापासूनचं अंतर टेपने मोजा. फरक ३ मिमीच्या वर असेल तर तो डोळ्याला खुपतो.

आता ट्रॉली काढून खाली टॉर्च मारा आणि चारही क्लॅम्प थोडे सैल करा. कटआउट हॉबच्या काचेखालच्या पत्र्याच्या खोक्यापेक्षा काही मिलिमीटर मोठं असायला हवं, म्हणजे हॉबला फिरवायला जागा राहते. दोघांनी मिळून काच दोन बाजूंनी धरून हलकेच फिरवा, पुढची दोन्ही अंतरं सारखी करा, क्लॅम्प पुन्हा लावा. झालं.

फिरलाच नाही तर कटआउट स्वतः तिरकं आहे. ते सिद्ध करायला गुण्या लागत नाही, टेप पुरते. हॉब उचला आणि भोकाचे दोन्ही कर्ण मोजा. आयत असेल तर दोन्ही कर्ण सारखे येतात. उदाहरणार्थ ५६० × ४९० मिमीच्या कटआउटचा कर्ण सुमारे ७४४ मिमी यायला हवा. तेच कटआउट ५ मिमीने तिरकं कापलं गेलं तर एक कर्ण ७४८ च्या आसपास आणि दुसरा ७४० च्या आसपास येतो. फरशीवाल्याशी वाद घालताना टेप कर्णावर ठेवून काढलेले दोन फोटो पुरतात.

तिरक्या कटआउटला इलाज एकच: जी बाजू अडते तिथून दगड थोडा कमी करायचा.

कटआउट लहान, कटआउट मोठं

इथे थोडं थांबू, कारण खरी गुंतागुंत इथेच आहे.

साधारण ६० सेंमीच्या अनेक हॉबना ५६० मिमी रुंद आणि ४८० ते ४९० मिमी खोल कटआउट लागतं. पण हे आकडे डोक्यात ठेवून दगड कापायला सांगू नका. मॉडेलप्रमाणे ते बदलतात, तीन बर्नरच्या रुंद हॉबचे तर फारच. जुना चार बर्नरचा हॉब काढून त्याच भोकात नवा बसवायचा बेत बहुतेक घरांत असतो आणि तिथेच गडबड होते. दुकानात "बसेल की, स्टँडर्ड साइज आहे" असं सांगितलं जातं. काचेचं माप जुळत असतं. खालच्या खोक्याचं जुळत नाही. विकत घेण्याआधी काचेचं माप बाजूला ठेवा आणि कटआउटचं माप मागा.

ओट्याच्या खोलीचं गणितही आधी करा. बिल्डरचा ओटा बहुधा २ फुटांचा, म्हणजे ६०० मिमीच्या आसपास. त्यातून ४९० गेले की पुढे-मागे मिळून ११० मिमी दगड उरतो, म्हणजे दोन्हीकडे ५५. भिंतीला नंतर टाइल चढली आणि मसाल्यासकट तिने १५ मिमी खाल्ले, की उरले ९५. पुढे आणि मागे किमान ५० मिमी दगड सोडावा असं बरीच माहितीपुस्तकं सांगतात. तो हिशोब इथेच चुकायला लागतो. पुढची पट्टी अरुंद राहिली तर तिच्यावर पोट टेकून, डबे ठेवून, कधी वर चढून माळ्यावरचं सामान काढताना ती तडकते. म्हणून कमी खोलीच्या ओट्याला अरुंद खोक्याचा हॉब निवडणं हेच शहाणपणाचं. काटकसर करून पुढची पट्टी ३०-३५ मिमीवर आणू नये.

कटआउट लहान असलं तर हॉबचं पत्र्याचं खोकं दगडाला घासून अडकतं, काच एका बाजूने वर राहते. जोर लावून खाली बसवणारे लोक आहेत. पत्रा दगडाला टेकलेला राहिला तर तापल्यावर प्रसरणाला जागा उरत नाही, आणि खोकं पिरगळलं की नॉबही आपल्या भोकात तिरके येतात. चारही बाजूंना खोकं आणि दगड यांत थोडी मोकळी फट दिसलीच पाहिजे.

कटआउट वाढवायचं असेल तर तीन गोष्टींवर ठाम राहा. पहिली, हॉब दुसऱ्या खोलीत. ग्रॅनाइटची पूड बर्नरच्या नळीत गेली की ती काढताना नाकी नऊ येतात. दुसरी, कापताना पाणी आणि मास्क. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसाला वाईट. ट्रॉल्या काढून ठेवा, मिक्सर आणि धान्याचे डबे झाकून घ्या. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: आतले कोपरे गोलसर हवेत. आधी चारही कोपऱ्यांना ड्रिलने भोक पाडायचं आणि मग त्या भोकांपर्यंत ग्राइंडर चालवायचा, ही योग्य रीत. घाईत असलेला माणूस सरळ ग्राइंडर फिरवतो, पातं कोपऱ्याच्या पुढे जातं आणि दगडात बारीक खाच राहते. पुढे ग्रॅनाइटला तडा जातो तो अशाच खाचेतून. तुमच्या कटआउटचे कोपरे आताच टॉर्चने बघून घ्या. खाच दिसली तर ती इपॉक्सीने भरून घ्या, आणि पुढच्या पट्टीवर वजन टाकू नका.

कटआउट मोठं असलं तर प्रश्न वेगळा. काचेचा काठ चारही बाजूंना दगडावर किमान १० मिमी तरी टेकायला हवा. त्याहून कमी टेकत असेल तर सिलिकॉनची जाड भर घालून फट बुजवून देतो असं सांगणारा भेटेल. त्याला नम्रपणे नको म्हणा. सिलिकॉन वजन पेलण्यासाठी नसतं. नीट काम करायचं तर दगडाच्या खालच्या अंगाला स्टेनलेस स्टीलची एल-पट्टी इपॉक्सीने आणि आधारासकट बसवायची आणि तिच्यावर त्याच ग्रॅनाइटची पट्टी जोडून काठ वाढवायचा. हा खर्च आणि खटाटोप बघता, हॉब वापरलेला नसेल तर दुकानात परत देऊन मोठ्या कटआउटचं मॉडेल घेणं बरेचदा स्वस्त पडतं.

एक गोष्ट कुणीही सुचवली तरी ऐकू नका: काच थोडी घासून किंवा कापून बसवणं. टफन्ड काच कापता येत नाही, प्रयत्न केला की तिचा चुरा होतो.

क्लॅम्प आणि सिलिकॉन

क्लॅम्प हे हॉब जागेवरून सरकू नये यासाठी असतात. खाली ओढणं हे त्यांचं काम नव्हे. हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग स्क्रू-ड्रायव्हरने थोडासा आवळा. एका कोपऱ्यानंतर समोरचा तिरका कोपरा, या क्रमाने जा.

कधी क्लॅम्प दगडापर्यंत पोचतच नाहीत. ते एकाच ग्रॅनाइटच्या, म्हणजे १८-२० मिमी जाडीच्या हिशोबाने दिलेले असतात. आपल्याकडे ग्रॅनाइटखाली कडप्पा किंवा प्लाय असतो, जाडी दुप्पट होते. मग बसवणारा माणूस क्लॅम्प पिशवीतच ठेवून कडेने सिलिकॉन फिरवून मोकळा होतो. दिसायला छान. पुढे सर्व्हिसिंगसाठी हॉब उचलायची वेळ आली की कळतं की तो दगडाला चिकटलेला आहे. लांब क्लॅम्प कंपनीकडे मागा. चिकटलेला हॉब सोडवायचाच असेल तर काचेखाली मासेमारीचा नायलॉनचा दोरा घालून दोघांनी करवतीसारखा ओढत सिलिकॉन कापायचं. स्क्रू-ड्रायव्हर घालून काच उचकटू नका.

ट्रॉली

हॉब बसला, सरळ आहे, हलत नाही. पण वरची ट्रॉली बंद होत नाही. हॉबचं खोकं दगडाखाली बरंच उतरतं आणि त्याखाली गॅसची नळी येते. चमच्यांची ट्रॉली नेमकी तिथेच असते. नळी ट्रॉलीच्या मागच्या फळीला अडते आणि घरातली माणसं रोज थोडा जोर लावून ट्रॉली ढकलत राहतात. हे मला या लेखातलं सगळ्यात धोक्याचं प्रकरण वाटतं. नळी दुमडते, दगडाच्या धारदार कडेवर घासते, आणि हे सगळं बंद ट्रॉलीमागे होतं.

ट्रॉली काढा आणि नळीचा मार्ग बघा. नारिंगी सुरक्षा नळी असेल तर तिच्यावर आयएसआय खूण आणि वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांनी ती बदलायची. लांबी दीड मीटरच्या आत ठेवा, मध्ये जोड नको, पीळ नको. ट्रॉली अडतच असेल तर सुताराला बोलावून तिची मागची बाजू कापून घ्या किंवा ती ट्रॉली काढून तिथे नुसता दर्शनी पॅनेल लावा. चमचे दुसरीकडे राहतील.

तिथेच हवेचाही विचार करा. अनेक हॉब ज्वलनासाठी लागणारी हवा खालून ओढतात. खाली सगळं घट्ट बंद असेल तर ज्योत पिवळी पडते. ट्रॉली पूर्ण उघडून बर्नर पेटवा. पिवळी ज्योत निळी झाली तर कारण सापडलं. शटरला किंवा बाजूच्या फळीला जाळीची भोकं ठेवून घ्या.

बर्नर, जाळ्या, नॉब

दगड आणि काच ठीक असतील तरच इकडे या. वरून बघितल्यावर काचेच्या गोल भोकात बर्नर मधोमध दिसायला हवा. एका बाजूला फट जास्त असेल तर वाहतुकीत आतलं खोकं सरकलेलं असण्याची शक्यता आहे. ते कंपनीच्या माणसाकडूनच सरळ करून घ्या, कारण बर्नरची नळी आणि नोझल (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) एका रेषेत राहायला हवेत.

टोपी मात्र तुम्ही स्वतः बघा. तिच्या खाली खाच किंवा खुंटी असते, ती जागेवर बसली की टोपी फिरत नाही. अर्धवट बसलेली टोपी एका बाजूने उंच ज्योत देते आणि लोक तक्रार करतात की शेगडी तिरकी आहे. फ्लेम फेल्युअर डिव्हाइस (ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारं यंत्र) असलेल्या हॉबमध्ये आणखी एक लक्षण दिसतं: नॉब सोडला की ज्योत विझते. त्या यंत्राची बारीक दांडी ज्योतीत असायला हवी. टोपी चुकीची बसली तर ज्योत तिच्यापर्यंत पोचत नाही. टोपी बरोबर असेल तर नॉब पेटल्यानंतर काही सेकंद दाबून धरला होता ना, तेही बघा. नव्या हॉबवर पहिल्या आठवड्यात ही सवय नसते.

जाळ्या एकमेकींसारख्या दिसतात पण डावी-उजवी वेगळी असू शकते. अदलाबदल करून बघा. खालचं एखादं रबरी बूट पॅकिंगमध्येच पडलेलं असेल तर जाळी डुगडुगणारच. थर्मोकोल फेकण्याआधी झटकून घ्या. चहाचं छोटं पातेलं किंवा फोडणीचं कढलं मोठ्या जाळीवर कलंडतं, ती बसवण्यातली चूक नाही. त्यासाठी वर ठेवायची लहान जाळी मिळते.

नॉब काचेला घासत असेल किंवा दाबलेलाच राहून टिकटिक करत असेल तर क्लॅम्प जास्त आवळलेत का ते पुन्हा बघा. ठिणगीच पडत नसेल तर खालचे सेल बघा आणि पुसताना पाणी गेलं असेल तर सगळं वाळू द्या.

ज्योत छोटी, ज्योत पिवळी

पुण्यात एमएनजीएलचा पाइप गॅस आता इतक्या सोसायट्यांत आला आहे की हा प्रश्न स्वतंत्र लिहायलाच हवा. सिलिंडरचा गॅस शेगडीला साधारण ३० मिलिबार दाबाने मिळतो, पाइपचा २१ मिलिबारच्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसमधली उष्णता कमी असते. म्हणून त्याला मोठ्या भोकाचं नोझल लागतं. सिलिंडरच्या नोझलचा हॉब पाइपला जोडला तर ज्योत मरगळलेली. पाइपच्या नोझलचा हॉब सिलिंडरला जोडला तर ज्योत उंच, पिवळी आणि काजळी धरणारी. हा दुसरा प्रकार चालवू नका, लगेच बंद करा. नोझल घरी सुई घालून मोठं करणं हा मूर्खपणा आहे. गॅस कंपनीचा किंवा हॉब कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ ते बदलून देतो.

ज्योत एकाच दिशेला कललेली असेल तर आधी पंखा बंद करा आणि खिडकी लावून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच संपाव्यात असं वाटतं.

जोडणी हलवली की गळती तपासायचीच. साबणाचं पाणी जोडांवर लावा, बुडबुडे येतात का बघा. काडी ओढून बघायची नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालच्या ट्रॉल्यांत साठतो; पाइपचा गॅस हलका, तो वर छताकडे जातो. वास आला तर गॅस बंद, दारं-खिडक्या उघड्या, ट्रॉल्या उघड्या, आणि दिव्याच्या कुठल्याही बटणाला हात नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइपच्या गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा. फोन घराबाहेर जाऊन करा.

कुणाला बोलवायचं

डुगडुग, उतार, कटआउट: फरशीवाला. ट्रॉली: सुतार. बर्नर, नॉब, ठिणगी: हॉब कंपनी. नोझल आणि पाइप: गॅसवाले. एकाला बोलावलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे गृहीत धरा. शक्य असेल तर फरशीवाला आणि कंपनीचा माणूस एकाच वेळी ओट्यासमोर उभे करा, मध्ये माहितीपुस्तकाचं पान आणि टेप ठेवा.

तक्रार नोंदवताना मॉडेल क्रमांक लागतो आणि तो लेबलवर, लेबल हॉबच्या पोटाखाली. हॉब उचललेला असतानाच त्याचा फोटो काढा. बिल, वॉरंटी कार्ड, कटआउटची दोन्ही बाजूंची मापं, दोन्ही कर्ण आणि कार्ड कुठे आत गेलं त्या खुणांचे फोटो एकत्र ठेवा. काचेच्या वॉरंटीतल्या अटी वाचा. बसवताना झालेली मोडतोड बऱ्याचदा वगळलेली असते, म्हणून बसवणारा माणूस कंपनीने पाठवलेला होता की दुकानाने, हे त्याच्या कामाच्या पावतीवर लिहून घ्या. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना १९७४ साली ज्या पुण्यात सुरू झाली तिथल्या माणसाला तक्रारीचा मजकूर कसा लिहायचा हे मी सांगायला नको; फक्त त्यात मापं मिलिमीटरमध्ये लिहा, "थोडं वाकडं आहे" असं लिहू नका.